पाव मैल गावाकडे

शितोळेसाहेबांनी घरून पुठ्ठ्याचे दोन चौकोन कापून आणले होते. एक नऊ इंची, एक बारा इंची. बोटीच्या सुकाणूसमोरच्या फळीवर ते दोन्ही आलटून पालटून धरत होते आणि त्यांच्या बाई मागच्या पांढऱ्या सोफ्यावर बसून कोणता शोभतो ते सांगत होत्या. मी फळीखाली उताणा पडून वायरी तपासत होतो. माझ्या तोंडावर मुंग्या लागलेला केकचा चुरा पडत होता, कारण ते कप्पे कधी कोणी पुसलेच नव्हते.

"मोठाच घेऊ," बाई म्हणाल्या. "पण त्याची कड काळी आहे. पांढऱ्यात येत नाही का हो?"

येत नाही, असं मी खालूनच सांगितलं.

चार्टप्लॉटर म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा. कुठे किती पाणी, कुठे खडक, कुठे वाळूचा बांध, हे त्यात दिसतं आणि त्या नकाशावर आपली बोट बाणासारखी सरकत राहते. एखादी जागा लक्षात ठेवायची असेल तर बटण दाबायचं, तिला चिन्ह द्यायचं, नाव द्यायचं. तो झाला पॉइंट. पुढे दहा वर्षांनीही मशीन तुम्हाला त्या जागी नेऊन उभं करतं. घेताना विचारायच्या गोष्टी तीनच. भर उन्हात पडदा दिसतो का, ओल्या हाताने बटणं चालतात का आणि आपल्या किनाऱ्याचा नकाशा त्यात नीट आहे का. सहा आठवडे हा माणूस निवड करत होता. या तिन्हींपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नव्हता. त्यावर क्रिकेट बघता येतं का, हे मात्र दोनदा विचारलं होतं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी बंदराच्या रस्त्यावर एका दुकानात मेकॅनिक होतो. कोळ्यांच्या बोटींवर मशीन बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. मग पलीकडच्या खाडीत पुण्या-मुंबईच्या लोकांचा बोट क्लब झाला आणि शितोळ्यांसारखी गिऱ्हाइकं येऊ लागली. शितोळे पुण्यात गाड्यांच्या शोरूमचे मालक. त्यांची 'मनस्वी' बत्तीस फुटी, आतमध्ये फ्रिज, शॉवर आणि झुंबर. होय, झुंबर. आदल्या वर्षी ती पाच वेळा समुद्रात गेली होती आणि त्यातल्या दोन वेळा दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली होती.

मला या माणसाचा मनापासून वीट आला होता. त्याच्या अंगाला येणाऱ्या अत्तराचा, माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघण्याचा, 'तोडणकर, तुम्हा लोकांना यातलं कळतं' असं म्हणून लगेच मुंबईच्या कुठल्या तरी मित्राला फोन लावण्याचा. तरी मी सहा आठवडे त्याच्या मागे पळत होतो. कारण शितोळे क्लबचे सेक्रेटरी होते. क्लबात अठरा बोटी होत्या आणि प्रत्येकीवर मशीन बसायचं होतं. ते काम मिळालं असतं तर मी स्वतःचं दुकान टाकलं असतं. दुकानाची जागाही बघून ठेवली होती, बर्फाच्या कारखान्याशेजारी.

त्याच आठवड्यात काशिनाथ नाखवा त्याचं मशीन घेऊन दुकानात आला.

काशिनाथ पेरेकर साठीच्या पुढचा असेल. स्वतःची छोटी बोट होती म्हणून तो नाखवा, पण बाकीच्यांसारखं मोठं जाळं नव्हतं. तो एकटा जायचा आणि खडपांवर गळ टाकून बसायचा. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. वरून काही दिसत नाही, पण तिथे गोबरा, तांब असे मोठे मासे असतात. अशी तेवीस खडपं त्याच्या घरात चालत आलेली होती. काही त्याच्या बापाने शोधलेली, काही आजाने. मशीन येण्याआधी ती त्याच्या डोळ्यांत होती. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की अमुक, ताडाची जोडी एकावर एक आली की तमुक. नजर अधू झाली, कळस दिसायचा पण डोंगराची खाच दिसेना, तेव्हा त्याने मशीन घेतलं आणि ते मीच बसवून दिलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला चिन्हं शिकवली होती. जिथे मासा मिळतो तिथे माशाचं चिन्ह. जिथे बुडालेलं काही आहे, गळ अडकतात, जाळं फाटतं, तिथे काळी फुली. नावं तो सांगायचा आणि मी घालायचो. आजा, बापूस, म्हातारी, नवरी.

दर खेपेला तो माझ्यासाठी काही तरी घेऊन यायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा माझ्या टेबलावर ठेवायचा आणि त्याबद्दल बोलायचा नाही. त्या दिवशी तांब होती.

त्याच्या मशीनचा पडदा गेला होता. अशी दुरुस्ती करताना आधी सगळे पॉइंट एका कार्डावर उतरवून घ्यायचे, मग मशीन पूर्ण कोरं करायचं, दुरुस्त करायचं आणि पॉइंट परत आत टाकायचे. हे कार्ड नखाएवढं असतं. काशिनाथने ते माझ्या हातातून घेऊन पाहिलं.

"माजा आजा यान मावला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, आजा, बापूस आणि तुझी सगळी भावकी मावली. तो हसला आणि कार्ड मला परत दिलं. काम झाल्यावर ते मी पुसायला हवं होतं. पुसलं नाही. मुद्दाम नव्हे, शर्टाच्या खिशात राहून गेलं.

मशीन बसवल्यावर मी त्याच्याबरोबर चाचणीला गेलो. आजाच्या पॉइंटवर बोट आली, मशीनने टूं केलं, पण काशिनाथ तिथे थांबून मागे वळला, गावाकडे पाहिलं आणि तसाच पुढे निघाला. देवळाचा कळस बरोबर पाठीवर ठेवून तो पश्चिमेला जात राहिला. खूप पुढे गेल्यावर इंजिन बंद केलं आणि गळ टाकला. मी मशीनकडे पाहिलं. पाव मैलाचा फरक. माझं डोकंच फिरलं. मी बसवलेलं मशीन पाव मैल चुकतंय म्हणजे माझीच लाज. दुसऱ्या पॉइंटवर तेच, तिसऱ्यावर तेच. मग मी केबिनच्या पत्र्यावर चढलो आणि काठीवरचा ॲन्टेना सोडवायला लागलो. एप्रिलचं ऊन होतं, पत्रा तव्यासारखा तापला होता. पाय पोळत होते, पाना हातातून निसटत होता आणि मी कंपनीला, काशिनाथला आणि त्याच्या आजाला शिव्या घालत होतो.

काशिनाथने थोडा वेळ बघितलं. मग गळ गुंडाळून ठेवला.

"उतर खाली, मोरेसर," तो म्हणाला. माझ्या मोरेश्वर नावाचं त्याने मोरेसर केलं होतं. "मशीन बराबर हाय. खोटा मीच हाय."

मी खाली आलो तेव्हा त्याने मला प्यायला पाणी दिलं आणि सांगितलं. त्यांच्या घरात खडपाची खूण खडपावर ठेवत नाहीत. पूर्वी तोंडी सांगतानासुद्धा चुकीचीच सांगायचे, आणि कुठे किती चुकवलंय हे फक्त घरात माहीत असायचं. मशीन आलं तेव्हा त्याने तोच नेम पाळला. माशाचा प्रत्येक पॉइंट पाव मैल गावाकडे ओढून ठेवला, फुल्या तेवढ्या जागच्या जागी. मशीन कोणी चोरलं तर चोर चिखलावर गळ टाकून बसेल. देवळाचा कळस पाठीला घेऊन पाव मैल पुढे जायचं, हे ज्याला ठाऊक त्यालाच खडप सापडेल.

"बायकोला पन नाय सांगितला," तो म्हणाला. "तू उन्हान मरत व्हतास म्हनून सांगितला."

त्याला मूल नव्हतं. पुढे हे कोणाला सांगणार, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, जोवर हात चालतात तोवर खाईन, मग खडपं राहतील आणि मासे राहतील, कोणाला सांगायची गरज काय आहे. ती तेवीस ठिकाणं म्हणजेच त्याचं शेत, त्याची नोकरी आणि त्याचं म्हातारपण होतं. हे मला तेव्हाही नीट कळलं होतं. नव्हतं कळलं, असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्या सोमवारी शितोळे दुकानात आले. बारा इंची काळा नको आणि नऊ इंची बारीक दिसतो, म्हणून ते मुंबईला एका मोठ्या दुकानात जाणार होते. तिथला माणूस क्लबात येऊन सगळ्या अठरा बोटी बघायला तयार होता. हे ते मला सहज सांगत होते, चहा पीत. क्लबातल्या कोणा मित्राने त्या हिवाळ्यात कमरेएवढा गोबरा पकडला होता, त्याचा फोटो क्लबात लावला होता, आणि त्या मित्राला जागा कशी मिळाली ते तो सांगत नव्हता, हेही सांगितलं. "त्याच्या मशीनमध्ये मासे आहेत," ते म्हणाले. "मला तसलं मशीन पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझ्या खिशात काय आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. मीच म्हणालो, "साहेब, बारा इंची घ्या. मासे मी घालून देतो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेने मला बरं वाटलं, हे सांगताना आजही तोंड कडू होतं.

एकच द्यायचं असं मी ठरवलं होतं. फक्त आजा. एका खडपाने काशिनाथचं काय जातं, असं मनाशी घोकत मी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या कॉम्प्युटरवर कार्ड लावलं. पॉइंट पाव मैल पश्चिमेला सरकवायचे होते. त्या प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली की माशाच्या चिन्हाचे सगळेच्या सगळे सरकतात. एकटा आजा वेगळा काढायचा तर बावीस पॉइंट हाताने पुसावे लागणार होते. मला कंटाळा आला. मी तेवीसच्या तेवीस सरकवले आणि डबा उघडला. डब्यात काशिनाथने आदल्या दिवशी आणून दिलेल्या तांबेचं कालवण होतं आणि मी ते चवीने खाल्लं.

शनिवारी सकाळी 'मनस्वी' निघाली. शितोळे आणि त्यांचे दोन मित्र. एक कुणी डॉक्टर होता, दुसरा दिवसभर नुसता हसत होता. मशीन नवीन म्हणून मला बरोबर घेतलं होतं. बारा इंची पडद्यावर तेवीस मासे चमकत होते आणि डॉक्टर त्यांवर बोट ठेवून मोजत होता. आजाच्या खडपावर आम्ही पोचलो तेव्हा भरती नुकती सुरू झाली होती.

पहिल्या दहा मिनिटांत गळ लागला. मग थांबलंच नाही. एका खडपावर कोणी शंभर वर्षं जपून, मोजकं घेऊन मासेमारी केली तर तिथे काय साठतं, ते त्या दिवशी मी बघितलं. गोबरे वर येत होते, पोटं फुगलेले, डोळे बाहेर आलेले. तांब येत होती, अंड्यांनी भरलेली. एकाही माशाला कोणी परत सोडत नव्हतं. बर्फाची पेटी बिअरने भरलेली असल्यामुळे मासे पांढऱ्या सोफ्यामागे टाकत होते आणि ते तिथे तोंड उघडमीट करत मरत होते. तो हसणारा मित्र पिल्लांना बुटाने बाजूला सारत होता. ऊन चढलं तशी दुर्गंधी सुटली. रक्त, बिअर आणि अत्तराचा एकत्र वास अजून कधी कधी माझ्या नाकात येतो. डॉक्टरने एका गोबऱ्याच्या तोंडात सिगरेट ठेवून फोटो काढला. कोणी विचारलं की मी सांगत होतो की गळ अजून थोडा खाली सोडा.

तेवढ्यात काशिनाथची बोट पूर्वेकडून येताना दिसली.

तो नेहमीसारखा आधी आपल्या पॉइंटवर गेला. पाव मैलावर. तिथे थांबला, मागे वळून कळस पाहिला आणि पुढे येण्यासाठी वळला. मग त्याला आम्ही दिसलो. इंजिन बंद झालेलं ऐकू आलं. तो तिथेच, चिखलावर, बसून राहिला. गळ टाकला नाही, आमच्याकडे आला नाही, परतही गेला नाही. मी केबिनच्या आत जाऊन उभा राहिलो.

"तो म्हातारा तिथे काय करतोय?" शितोळ्यांनी विचारलं. "तिथेही पॉइंट आहे का?"

तिथे काही नाही, असं मी सांगितलं. ते मात्र खरं होतं.

अकराच्या सुमारास नांगर अडकल्याचं लक्षात आलं. खडपावर टाकायचा नांगर वेगळा असतो. कोळी दगड बांधतात, तोही कच्च्या दोरीने, म्हणजे अडकला तर दोरी तुटते आणि बोट सुटते. शितोळ्यांनी जाड साखळीचा चकचकीत नांगर टाकला होता, आणि पुढून टाकला तर गळांच्या आड येतो म्हणून तो मागच्या बाजूने बांधला होता. टाकताना मी पाहिलं होतं. बोललो नव्हतो, कारण साहेब खुशीत होते. आता पाणी चढत होतं, साखळी ताठ झाली होती आणि प्रत्येक लाटेबरोबर बोटीची मागची बाजू खाली खेचली जात होती. शितोळ्यांनी घाबरून इंजिनाला जोर दिला, तशी ती आणखी खाली बसली आणि एक लाट सरळ आत आली. मेलेले मासे आमच्या पायांभोवती तरंगू लागले. साखळी सोडवावी म्हटलं तर तिची कडी ताणाने आवळून बसली होती. हसणाऱ्याचं हसणं थांबलं. डॉक्टर मला विचारत होता की मला पोहता येतं का.

काशिनाथचं इंजिन सुरू झालं.

तो आला, माझ्याकडे पाहिलंही नाही. शितोळ्यांना त्याने इंजिन बंद करायला सांगितलं. मग एक दोरी फेकली आणि साखळीला बांधायला लावली. बांधायला बोटीत शिरलेल्या पाण्यात मीच गुडघ्यावर बसलो. तो दोरी घेऊन आमच्या भोवतीने पश्चिमेला गेला. थोडं पुढे, थोडं उजवीकडे, मग पुन्हा मागे. पाण्यावर काही खूण नव्हती, पण अंधारात घरातल्या माठाकडे जावं तसा तो बरोबर एका जागी गेला आणि तिथून ओढलं. नांगर लोण्यातून निघावा तसा निघाला.

"खडपाचा तोंड दर्याकडं हाय," दोरी सोडताना तो म्हणाला. "गावाकडून वढला तर कंदी सुटायचा नाय."

शितोळ्यांच्या जिवात जीव आला तसा त्यांचा आवाजही परत आला. तुम्हाला इतकं कसं माहीत, असं त्यांनी विचारलं.

"माज्या आजाचा हाय," काशिनाथ म्हणाला.

शितोळे मित्रांकडे बघून हसले. "समुद्र काय कोणाच्या आजाचा असतो का, नाखवा?"

ते तिघे हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. मोठ्याने नाही. पण हसलो, आणि ते काशिनाथने पाहिलं. त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलं ते तेवढंच.

शितोळ्यांना उपकार ठेवून घ्यायचे नव्हते. त्यांनी पाण्यातून दोन तांबा उचलल्या, त्यातल्या त्यात लहान बघून, आणि काशिनाथच्या बोटीत टाकल्या. "घ्या, घरी कालवण करा." काशिनाथ खाली वाकला. एक मेलेली होती. दुसरी अजून हलत होती. ती त्याने दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडली, ती खाली जाईपर्यंत बघितली आणि मग इंजिन सुरू केलं. मेलेली त्याने तशीच बोटीत ठेवली.

किनाऱ्यावर आल्यावर शितोळ्यांनी माझी पाठ थोपटली. बोट जवळजवळ बुडाली होती हे ते विसरूनही गेले होते. त्यांना चौदा गोबरे मिळाले होते आणि फोटो होता. क्लबचं काम मला मिळालं. अठरा बोटी. बहुतेकांनी मशीनबरोबर 'शितोळ्यांचे मासे' मागितले आणि मी दिले. पहिल्याला देताना त्रास झाला, दुसऱ्याला कमी, पाचव्यापासून मी ते मशीनबरोबरच द्यायला लागलो. शनिवार-रविवारी त्या तेवीस जागांवर पांढऱ्या बोटी उभ्या दिसायच्या. पुढच्या हंगामापर्यंत आजाच्या खडपावर काही उरलं नव्हतं. मग त्या लोकांना मासेमारीचाही कंटाळा आला आणि ते दुसरं काही तरी करायला लागले. 'मनस्वी' विकली गेली. बारा इंची मशीन शितोळ्यांनी काढून नेलं, म्हणे शोरूमच्या केबिनमध्ये लावायला.

माझं दुकान दिवाळीनंतर सुरू झालं. बर्फाच्या कारखान्याशेजारी, ठरवल्याप्रमाणे. एका दुपारी काउंटरवर सावली पडली म्हणून मी वर पाहिलं तर काशिनाथ उभा होता. बगलेत मशीन, धोतराच्या फडक्यात बांधलेलं. दुसऱ्या हातात काही नव्हतं. मी त्या रिकाम्या हाताकडेच बघत राहिलो.

बस म्हटलं तर बसला नाही. त्याने बोट विकली होती. शेजारच्या गावातल्या मोठ्या बोटीवर जाळं ओढायला जात होता, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, वीस वर्षांच्या पोरांबरोबर. हे मला दुसऱ्याकडून कळलेलं होतं. त्याने गाठ सोडली, मशीन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, मासे सगळे पुसून टाक. फुल्या राहू दे. ज्या बोटीवर जातो तिच्या तांडेलाला, बोट हाकणाऱ्याला, तो ते मशीन देणार होता, म्हणजे निदान त्याचं जाळं फाटणार नाही.

मी वायर जोडली. पडदा उजळला. एकेका माशावर जाऊन मी पुसायला लागलो. नवरी. म्हातारी. बापूस. प्रत्येक वेळी मशीन विचारायचं की नक्की पुसायचं का, आणि प्रत्येक वेळी मी होय म्हणायचो. तो शेजारी उभा राहून बघत होता. आजा पुसला तेव्हा मला वाटलं होतं तो काही तरी म्हणेल. पडद्यावर नुसता किनारा आणि सात काळ्या फुल्या राहिल्या. त्याने मला शिवी द्यावी, मुस्काटात मारावी, असं फार वाटत होतं, म्हणजे मला माफी तरी मागता आली असती. माफी मागायला कोणी अडवलं नव्हतं, तरी मी मागितली नाही.

"हितं पॉइंट लागतो काय?" त्याने विचारलं. "जमिनीवर? दुकानान?"

खिडकीपाशी धरलं तर लागतो, मी म्हणालो. पण इथे कशाला?

"लाव."

मी मशीन उचलून खिडकीत ठेवलं. थोड्या वेळाने बाण आला, बंदराच्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याशेजारी. चिन्ह कोणतं, असं मी विचारलं, पण विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"फुली."

मी फुली घेतली. मशीनने नाव विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं, मी काहीही घातलं असतं तरी चाललं असतं.

"नाव तुजाच घाल," तो म्हणाला.

मी माझं नाव घातलं, एकेक अक्षर, सगळं बरोबर. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. काशिनाथ फडक्याची घडी करत होता. पडद्याकडे न बघता तो म्हणाला,

"हा बराबर जाग्यावरच ठेव, मोरेसर. गावाकडं वढू नको."

मी बटण दाबलं.